आदिलशाही म्हणजे फक्त अफझलखान नव्हे : जतकरांसाठी थोडा हिशोब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. शिवी द्यायची असेल तरी आधी पूर्ण वाचा, मग द्या.

सध्या आपल्या भागातल्या ग्रुपवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरतायत. एकात विजापूरचा इब्राहिम आदिलशहा म्हणजे जणू संतच, हिंदूंचा जगद्गुरू, त्याच्या राज्यात कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नाही, असं सांगितलंय. दुसऱ्यात आदिलशाही म्हणजे अफझलखान, विषय संपला, आणि जो तिच्याबद्दल बरं बोलेल तो गद्दार. दोन्हीकडं मागं जोरात म्युझिक. दोन्हीकडं सन-सनावळी गायब.

मला दोन्ही पटत नाहीत. आणि गप्पही बसवत नाही, कारण हा इतिहास दिल्लीचा नाही, हैदराबादचाही नाही. तो आपल्या दारातला आहे.

जतहून सांगली जवळ का विजापूर? विजापूर. साठ-सत्तर किलोमीटर. आजही आपला माणूस बाजाराला, दवाखान्याला विजापूरला जातो. कर्नाटक सरकारनं २०१४ साली नाव बदलून विजयपूर केलं, पण आपल्या तोंडात विजापूरच. १४९० च्या आसपास सुरू झालेली आदिलशाही १६८६ साली औरंगजेबानं बुडवली. जवळजवळ दोनशे वर्षं. तेवढा काळ आपला हा सगळा माणदेश-कृष्णाकाठ विजापूरच्या अमलात होता. आपले डफळे सरकार मूळचे चव्हाण, डफळापूरचे पाटील. त्यांना देशमुखी मिळाली ती आदिलशाहीच्या चाकरीत. पुढं मोगल आले, मग सातारकर छत्रपती, मग इंग्रज, आणि १९४८ ला संस्थान विलीन झालं. म्हणजे जत संस्थानाचा पाया बघायला गेलं तर विजापूरचा दरवाजा लागतोच.

डफळे एकटे नव्हेत. फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, मुधोळचे घोरपडे, जावळीचे मोरे, वाडीचे सावंत ही सगळी घराणी विजापूरच्या चाकरीत वाढली. शहाजीराजेसुद्धा १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर काही काळ याच इब्राहिमाकडं होते. आता या सगळ्यांना गद्दार म्हणायचं का? म्हणणारे म्हणोत, पण मग यादी लांबलचक होईल आणि तीत आपलीच आडनावं निघतील.

आता हा इब्राहिम कोण, ते नीट बघू.

विजापूरच्या गादीवर इब्राहिम नावाचे दोन सुलतान झाले. पहिला आजोबा, दुसरा नातू. व्हिडिओवाला आहे तो नातू. १५८० ते १६२७, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं त्याचं राज्य. तो मेला सप्टेंबर १६२७ मध्ये. शिवराय जन्मले फेब्रुवारी १६३० ला. म्हणजे महाराजांच्या जन्माआधी अडीच वर्षं हा माणूस मातीत गेला होता. अफझलखान प्रतापगडाखाली मारला गेला १६५९ ला, इब्राहिमानंतर बत्तीस वर्षांनी, त्याच्या नातवाच्या, दुसऱ्या अली आदिलशहाच्या काळात. एवढं साधं गणित कुणी मांडत नाही. आजचा आमदार काही करील आणि त्याचा गुन्हा बत्तीस वर्षांपूर्वीच्या आमदारावर लावाल का?

गादीवर आला तेव्हा हा नऊ-दहा वर्षांचा पोर होता. आधीचा सुलतान, त्याचा चुलता पहिला अली आदिलशहा, याचा खून झाला. पोराला सांभाळलं अलीच्या विधवेनं, चांदबिबीनं. हीच ती पुढं अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी चांदबिबी. विजापूरच्या दरबारात तेव्हा सत्तेची नुसती मारामारी. किश्वरखान नावाच्या सरदारानं तर चांदबिबीला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं होतं. नंतर हबशी सरदारांनी किश्वरखानाला पळवून लावलं आणि तिला सोडवलं. पुढं दिलावरखान नावाच्या हबशी सरदारानं आठ-नऊ वर्षं सगळा कारभार मुठीत ठेवला. १५९० ला इब्राहिमानं त्याला झुगारलं तेव्हा कुठं खरं राज्य सुरू झालं.

आता त्यानं केलं काय?

पहिली गोष्ट भाषेची. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजोबा पहिल्या इब्राहिमानं १५३५ च्या सुमाराला महसुलाच्या हिशोबातून फारसी काढली आणि इथल्या लोकांची भाषा आणली, इथल्या ब्राह्मण कारकुनांच्या हाती दप्तर दिलं. ही गोष्ट फिरिश्ता या इतिहासकारानं लिहिलीय, आणि फिरिश्ता स्वतः नातवाच्या, म्हणजे आपल्या इब्राहिमाच्याच पदरी विजापुरात बसून लिहीत होता. नातवानं आजोबाचीच वाट धरली. आपल्या मुलखात ही भाषा म्हणजे मराठी. वर फारसी आणि खाली मोडीत मराठी अशी दुभाषी फर्मानं विजापूरच्या सुलतानांनी काढली, ती आजही अभ्यासकांच्या हातात आहेत.

हे त्यांनी मराठीवरच्या प्रेमापोटी केलं असं मी म्हणत नाही. इराणहून आलेल्या बड्या सरदारांचा जोर कमी करायचा होता, आणि वसुली नीट व्हायला हिशोब गावच्या पाटील-कुलकर्ण्याला कळायला पाहिजे होता. साधा व्यवहार होता. पण त्या व्यवहारातून मराठी राजदरबाराच्या दप्तरात बसली. महाराजांनी राज्य उभं केलं तेव्हा मोडीत लिहिणारा, हिशोब जाणणारा, फौजफाट्याचा पत्रव्यवहार करणारा कारकून त्यांना तयार मिळाला. तो आभाळातून पडला नव्हता. चार पिढ्या अशाच दप्तरांत घासून तयार झालेला होता.

तुमच्या घरातला सातबारा काढा. मौजे, तालुका, जिल्हा, महसूल, जमीन, हद्द, वारस, हक्क. सगळे शब्द फारसी-अरबी, सुलतानी काळातल्या दप्तरांतून आलेले. महाराजांना हे खटकलं म्हणून तर त्यांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला. ते त्यांचं मोठेपण. तरीही साडेतीनशे वर्षांनी आपण 'अर्ज' करून 'नक्कल' घ्यायला 'तहसीलदारा'कडंच जातो.

दुसरी गोष्ट गाण्याची आणि धर्माची. इब्राहिमाला गाण्याचं वेड होतं. किताब-ए-नवरस नावाचं पदांचं पुस्तक त्यानं दख्खनीत लिहिलं, रागांप्रमाणे लावून. त्यात सरस्वती आहे, गणपती आहे, आणि गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाजही आहेत. त्याच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान. विजापूरला तो विद्यापूर म्हणायचा. त्याच्या काही फर्मानांच्या डोक्यावर सरस्वतीचं नाव असे. लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे, ही त्या काळापासूनची गोष्ट आहे, आजच्या कुणी पुढाऱ्यानं लावलेली पदवी नव्हे.

आणि ती दख्खनी म्हणजे काय? जतच्या मुस्लिम घरात जाऊन ऐका. 'मेरेकू', 'तेरेकू', 'नक्को'. हे 'नक्को' आपलंच 'नको' आहे. मराठीशी घासून तयार झालेली बोली. लखनौवाले तिला हसतात, पण सुलतानानं पुस्तक लिहिलं ते त्याच बोलीत.

नरसोबावाडीला आपल्यातला कोण गेला नाही? वाडीच्या देवळाला वर शिखर नाही, हे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याची कथा वाडीतच सांगतात, की विजापूरच्या बादशहाच्या लेकीची दृष्टी परत आली म्हणून त्यानं ते देऊळ बांधून दिलं. कथा ही कथा आहे, तिला फर्मानाचं वजन मी देणार नाही. पण आपल्या आज्या-पणज्यांनी ही कथा शेकडो वर्षं देवळाच्या आवारात बसून सांगितली आणि कुणाची श्रद्धा बाटली नाही, हे मात्र खरं आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. विजापूरला नदी नाही. पाऊस आपल्यासारखाच, आला तर आला. तरी तिथं त्या काळातलं देशातलं एक मोठं शहर उभं राहिलं. कसं? पहिल्या अलीनं चांदबिबीच्या नावानं चांद बावडी बांधली. तोरवीकडून जमिनीखालच्या बोगद्यानं पाणी शहरात आणलं. इब्राहिमाच्या काळात, १६२० ला, त्याच्या राणीच्या, ताज सुलतानाच्या नावानं ताज बावडी झाली. मुलानं, महंमद आदिलशहानं १६५१ ला बेगम तलाव केला. तीन पिढ्यांनी एकामागून एक पाण्याचं काम चालू ठेवलं. आधीच्याचं काम मोडून आपल्या नावाची पाटी लावत बसले नाहीत. मधल्या काळात ताज बावडीचा उकिरडा झाला होता. काही वर्षांपूर्वी गाळ काढून ती साफ केली. जाऊन बघा, दुष्काळी माणसाला त्या बावडीपुढं उभं राहिल्यावर काय वाटतं ते.

आता दुसरी बाजू. पहिल्या व्हिडिओवाल्यांनी इथून पुढं नीट वाचावं.

हा सुलतान होता, वारकरी नव्हता. दिलावरखानाला हाती लागल्यावर त्याचे डोळे काढले. सख्खा भाऊ इस्माईल बेळगावच्या किल्ल्यात कैदेत होता. त्यानं १५९४ च्या सुमाराला बंड केलं, तर पकडून मारून टाकला. शेजारच्या निजामशाहीशी लढाया केल्या, १६१९ ला बिदरची बरीदशाही गिळली. फौज ज्या वाटेनं गेली त्या वाटेवरच्या रयतेच्या पिकाचं काय झालं असेल ते सांगायला नको. तेव्हाच्या सगळ्याच फौजा तशाच होत्या.

१५९९ ला त्यानं विजापूरच्या पश्चिमेला तोरवीजवळ नवरसपूर नावाचं नवं शहर काढलं. हौस. १६२४ ला भातवडीत मलिक अंबरनं विजापूर आणि मोगलांच्या फौजांचा धुव्वा उडवला आणि तसाच येऊन नवरसपूर लुटून उद्ध्वस्त केलं. पंचवीस वर्षांत सगळा खेळ खलास. इब्राहिम रोजा बघायला आपण सहलीला जातो, फोटो काढतो. अप्रतिम इमारत, वादच नाही. पण तो पैसा कुणाचा? सुगीला वसुलीच्या माणसापुढं उभं राहणाऱ्या कुळाचा. त्यात उमदी-संखचा कुणबी असेल, तसाच विजापूरचा मोमीन विणकरही असेल.

म्हणून मी त्याला संत म्हणणार नाही. आणि राक्षसही म्हणणार नाही.

आता लगेच प्रश्न येणार: म्हणजे महाराज आदिलशाहीविरुद्ध लढले ते चुकलं का? अजिबात नाही. एक सुलतान बरा निघाला म्हणून राज्य रयतेचं होत नाही. बरा गेला की त्याच्या जागी कोण येणार, हे रयतेच्या हातात नव्हतं. तेच झालं. इब्राहिमानंतर दोन पिढ्यांत दरबार सरदारांच्या भांडणात सडला, वतनदार रयतेला पिळायला मोकळे झाले. स्वराज्य उभं राहिलं ते या सडलेल्या व्यवस्थेविरुद्ध. आपल्याच तालुक्यातल्या उमराणीत एप्रिल १६७३ मध्ये प्रतापराव गुजरांनी आदिलशाहीच्या बहलोलखानाला कोंडलं. कसं कोंडलं? त्याचं पाणी तोडून. खान तहानेनं शरण आला. आपल्या मातीतली एवढी मोठी लढाई, आणि ती पाण्यावर ठरली. दुष्काळी तालुक्याच्या पोरांना हे शाळेत पहिल्यांदा सांगायला पाहिजे.

महाराजांचा मोठेपणा दाखवायला विजापूरचा प्रत्येक सुलतान खुजा करावा लागत नाही. उलट, केवढ्या मोठ्या, श्रीमंत, शिकलेल्या राज्याला टक्कर देऊन त्यांनी स्वराज्य काढलं हे कळलं तर अभिमान वाढेलच.

मग राजाला मोजायचं कशानं? माझं मत सरळ आहे. टोपी बघून नाही, टिळा बघूनही नाही. कारभार बघून. दप्तर रयतेच्या भाषेत होतं का? पाणी दिलं का? वसुली किती आणि कशी केली? भावकीच्या आणि हौसेच्या लढाईत रयत किती भरडली? या चार प्रश्नांत इब्राहिमाला दोन-तीन ठिकाणी बरे मार्क पडतात, बाकी ठिकाणी तो नापास होतो. संपलं.

पण एकदा ही फूटपट्टी हातात घेतली की ती फक्त मेलेल्या सुलतानापुरती ठेवता येत नाही. तीच आजच्या कारभाऱ्यांनाही लावावी लागते. आणि मला वाटतं, व्हिडिओ काढणाऱ्यांना नेमकं तेच नको असतं.

भाषेचंच घ्या. उमदी-संख भागात घरात कन्नड बोलणारी हजारो माणसं आहेत. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला, जतच्या यल्लम्माच्या जत्रेला दोन्ही भाषा एका रांगेत उभ्या असतात. तिथल्या म्हातारीला सरकारी कागद आला तर तो वाचून दाखवायला ती नातू शोधत बसते. साडेचारशे वर्षांपूर्वी ज्या गोष्टीची गरज सुलतानाला कळली, की कागद रयतेला कळला पाहिजे, ती आपल्याला कळायला काय हरकत आहे? मी पक्का मराठी माणूस आहे, जत महाराष्ट्रातच राहिलं पाहिजे या मताचा आहे. म्हणूनच सांगतो, कन्नड बोलणारा आपला शेजारी परका वाटू देऊ नका.

पाण्याचं घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या ४० गावांवर दावा सांगितला. कशाच्या जोरावर? दहा वर्षांपूर्वीच्या एका ठरावाच्या. तो ठराव लोकांनी भाषेच्या प्रेमानं केला नव्हता, पाण्याच्या तहानेनं केला होता. एकदम सगळे जागे झाले, मुंबईत बैठका झाल्या, विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला. बरं झालं. पण पूर्व भागानं टँकरकडं डोळे लावून किती उन्हाळे काढले याचा हिशोब कोण देणार? त्याच्यावर कुणी म्युझिक लावून व्हिडिओ काढत नाही.

आता शेवटचं, आणि हे पोरांसाठी.

आपल्या जिल्ह्यात २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेला कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल झाली. संचारबंदी लागली, लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. जून २०२३ मध्ये कोल्हापूर मोबाईलवरच्या स्टेटसवरून पेटलं. त्याच सप्टेंबरात साताऱ्याच्या पुसेसावळीत सोशल मीडियाच्या पोस्टवरून दंगल होऊन एका माणसाचा जीव गेला. याच जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, हेही खरं आहे. कुठल्या वाटेनं जायचं ते आपल्याच हातात आहे.

पहाटे रस्त्यानं पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं बघितली की मला भीती वाटते. दोन वर्षं घाम गाळलेला असतो. एका रात्री कुणीतरी पाठवलेलं स्टेटस ठेवतो, गुन्हा दाखल होतो, आणि चारित्र्य पडताळणीत सगळं वाया जातं. व्हिडिओ बनवणारा पुण्या-मुंबईत बसून व्ह्यूज मोजतो. जामिनाला सातबारा घेऊन कोर्टात उभा राहतो तो पोराचा बाप. हिंदूचा असो का मुसलमानाचा, कोर्टाच्या पायरीवर दोघांचं तोंड सारखंच दिसतं.

म्हणून सांगतो, विजापूर जवळ आहे. एक दिवस काढा. गोल घुमटात ओरडून झालं की तिथंच परत फिरू नका. इब्राहिम रोजा बघा, ताज बावडी बघा, बालेकिल्ल्यातलं नरसोबाचं देऊळ बघा. येताना उमराणीत थांबा, प्रतापरावांना मुजरा करा. दोन्ही आपलंच आहे, दोन्ही बघायला छाती लागते.

माझं म्हणणं पटलं नसेल तर खाली खुशाल लिहा. फक्त एक विनंती: भांडायचं तर सन लिहून भांडा.